सिमवरून गाडीचा ठावठिकाणा सांगणारी सेवा : सांगलीच्या मालवाहतुकीतला अनुभव

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातून हळद, बेदाणा आणि गूळ घेऊन निघणाऱ्या अनेक गाड्या माल पाठवणाऱ्याच्या किंवा ट्रान्सपोर्ट कार्यालयाच्या मालकीच्या नसतात. बाजारात त्या दिवशी जी गाडी मोकळी मिळेल ती भाड्याने ठरते, माल भरला जातो, बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, फाडली जाते आणि गाडी पेठ नाक्याकडे रवाना होते. अशा एका फेरीपुरत्या जोडलेल्या गाडीला जीपीएसचे यंत्र बसवणे शक्य नसते. ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये ॲप घालायला लावावे, तर कित्येकांकडे साधा बटनांचा फोन असतो आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन असतो ते डेटा संपेल, बॅटरी उतरेल म्हणून ॲप बंद करतात. त्यामुळे ड्रायव्हरच्या सिमकार्डावरून, म्हणजे थेट दूरसंचार कंपनीच्या जाळ्याकडून गाडीचा ठावठिकाणा मिळवून देणाऱ्या एका सेवेची वर्गणी आमच्या कार्यालयाने घेतली. सेवा देणाऱ्या कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष या पद्धतीचेच आहेत आणि तशी दुसरी कोणतीही सेवा घेणाऱ्यालाही ते कमीअधिक प्रमाणात अनुभवावे लागतील.

वापरायला ही सेवा अत्यंत सोपी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक, ड्रायव्हरचा मोबाइल क्रमांक, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण भरले, की ड्रायव्हरच्या मोबाइलवर संमतीसाठी संदेश किंवा दूरध्वनी येतो. त्याने होकार दिला, की ठरवून दिलेल्या अंतराने नकाशावर एकेक ठिपका उमटत जातो आणि त्यावरून पोहोचण्याची अंदाजे वेळ काढली जाते. फोनमध्ये काहीही घालावे लागत नाही, इंटरनेट लागत नाही, जीपीएस लागत नाही. वाशीच्या बाजारातील अडत्याचा दूरध्वनी आला, की पूर्वी ड्रायव्हरला पाच वेळा फोन लावून "कुठवर आलास?" असे विचारावे लागे आणि उत्तर बहुधा खऱ्यापेक्षा पन्नास किलोमीटर पुढचे मिळे. ती कटकट या सेवेने बऱ्याच अंशी संपवली आणि आम्ही वर्गणी चालू ठेवण्याचे मुख्य कारण तेच आहे.

अडचण सुरू होते ती त्या ठिपक्यावर विश्वास ठेवायला लागल्यावर. तो ठिपका कोठून येतो, हे समजून घेतल्याशिवाय या सेवेचे मोल करता येत नाही. मोबाइलच्या जाळ्याला आपला फोन शोधता येतो, याचे मूळ कारण असे की त्याशिवाय येणारा कॉल फोनपर्यंत पोहोचवताच येणार नाही. प्रत्येक ग्राहक सध्या कोणत्या एक्स्चेंजच्या हाताखाली आहे, याची नोंद कंपनीच्या मुख्य नोंदवहीत, म्हणजे एचएलआरमध्ये किंवा नव्या जाळ्यांत एचएसएसमध्ये असते. सेवा कंपनीची विचारणा प्रथम दूरसंचार कंपनीच्या लोकेशन गेटवेकडे, म्हणजे ठावठिकाण्याच्या विचारणा हाताळणाऱ्या यंत्रणेकडे जाते. गेटवे त्या नोंदवहीला विचारून संबंधित एक्स्चेंज गाठतो आणि फोन कोणत्या सेलमध्ये आहे ते कळवतो. बहुतेक टॉवरवर तीन दिशांना तोंड करून ॲन्टेना बसवलेले असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२० अंशांचे क्षेत्र येते. हे क्षेत्र म्हणजे सेल. आपल्या नकाशावर उमटणारा ठिपका हा या सेलचा मध्य किंवा सरळ टॉवरची जागा असते. गाडी त्या क्षेत्रात कोठेतरी आहे, एवढेच त्यातून कळते.

आता हे क्षेत्र केवढे, हा खरा प्रश्न. सांगली शहरात, मिरजेच्या रेल्वे जंक्शनच्या परिसरात किंवा कराडच्या कोल्हापूर नाक्याजवळ टॉवर दाटीने उभे आहेत. तेथे ठिपका काही शे मीटरांच्या आत खरा ठरतो. पेठ नाक्याहून कराड, उंब्रज, नागठाणे करत साताऱ्याकडे जाताना महामार्गाच्या कडेलाही टॉवरची वानवा नाही. पण हा सगळा प्रदेश कृष्णेच्या खोऱ्याचा आणि दोन्ही बाजूंच्या डोंगररांगांचा आहे. उंचावरच्या टॉवरची रेंज खालच्या मोकळ्या पट्ट्यात दूरवर पोहोचते आणि फोन जवळचा टॉवर सोडून ज्याचा सिग्नल बळकट मिळेल त्याच्याशी जोडला जातो. परिणामी महामार्गावरून सरळ चाललेली गाडी नकाशावर मध्येच रस्ता सोडून डोंगरावर चढलेली दिसते आणि पुढच्या ठिपक्यात पुन्हा रस्त्यावर येते. सुरुवातीच्या दिवसांत आमच्या कार्यालयातील तरुण कारकून असा ठिपका पाहून ड्रायव्हरला जाब विचारत असे, आणि ड्रायव्हर बिचारा आनेवाडी टोलच्या रांगेत उभा असे.

या दोषाची दुरुस्ती सोपी होती आणि ती न करणे हा माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा अपराध आहे. सेलवरून काढलेले स्थान नेहमी वर्तुळाने किंवा पट्ट्याने दाखवायला हवे, ठिपक्याने नव्हे. गाडी या दोन किलोमीटरांच्या वर्तुळात कोठेतरी आहे, असे नकाशाने सांगितले, तर पाहणारा माणूस त्यातून योग्य तोच अर्थ काढील. बारीक टोकदार ठिपका पाहिला, की तो थेट त्या ढाब्याचे किंवा त्या फाट्याचे नाव घेऊन बोलू लागतो. वर्तुळ काढण्यासाठी लागणारी माहिती दूरसंचार जाळ्याकडे असते. जुन्या जीएसएम, म्हणजे २जी जाळ्यात टॉवर प्रत्येक फोनला आपला संदेश किती आधी पाठवायचा हे सांगतो, कारण दूरच्या फोनचा संदेश पोहोचायला जास्त वेळ लागतो. या सूचनेला टायमिंग ॲडव्हान्स म्हणतात. तिची एक पायरी सुमारे ५५० मीटरांची असते आणि सर्वांत वरची पायरी सुमारे ३५ किलोमीटरांवर जाते. एलटीई, म्हणजे ४जी जाळ्यात हीच पायरी सुमारे ७८ मीटरांपर्यंत बारीक झाली आहे. म्हणजे सेलची दिशा आणि ही पायरी एकत्र केली, तर फोन टॉवरपासून किती अंतरावरच्या कमानीत आहे, हे बऱ्यापैकी सांगता येते. आमच्या सेवेत मात्र त्याचा उपयोग केल्याचे दिसत नाही. निदान ग्राहकापर्यंत तो पोहोचत नाही.

जागेइतकेच महत्त्व वेळेला आहे. फोनवर बोलणे चालू नसेल, डेटा वाहत नसेल, तेव्हा तो जाळ्याला सतत आपला पत्ता कळवत बसत नाही. अनेक सेल मिळून एक मोठा विभाग केलेला असतो आणि त्या विभागाची हद्द ओलांडली तरच फोन नवी नोंद करतो. अन्यथा ठरावीक काळाने एकदा हजेरी लावतो. जीएसएममध्ये हा काळ सहा-सहा मिनिटांच्या पटीत, दूरसंचार कंपनी ठरवील तसा असतो. गेटवेने केवळ शेवटची नोंद वाचून उत्तर दिले, तर ते उत्तर तासापूर्वीचे असू शकते. फोनला नव्याने हाक मारून उत्तर घेतले, तर ताजे असते. ही नोंद किती मिनिटांपूर्वीची आहे, हा आकडा जाळ्याच्या उत्तरात देण्याची सोय मोबाइल जाळ्यांच्या प्रमाणकातच, म्हणजे ठरवून दिलेल्या तांत्रिक नियमांतच आहे. आमच्या नकाशावर ठिपक्याखाली जी वेळ छापलेली असते, ती विचारणा केल्याची वेळ असते, नोंदीची नव्हे. हा फरक लक्षात यायला आम्हाला बराच काळ लागला. शिरवळ ओलांडून गेलेली गाडी अजून सुरूरजवळच दिसते, म्हणजे ड्रायव्हर झोपला असावा, असे निष्कर्ष यातूनच निघतात. कंपनीच्या माणसाला हे विचारले असता त्याने "सिस्टीमला जे येते ते आम्ही दाखवतो" असे उत्तर दिले. सिस्टीमला नोंदीच्या वयाचा आकडा येत असेल तर तोही दाखवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जाहिरातीत या सेवेचे वर्णन 'अचूक लोकेशन' असे केले आहे. हा शब्द वापरणाऱ्याने तो किती मीटरांत आणि शंभरापैकी किती वेळा, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने आपत्कालीन कॉलसाठी १९९६ साली जे नियम करायला घेतले, त्यातून पुढे ठरलेली मर्यादा या बाबतीत आदर्श म्हणून पाहण्यासारखी आहे. जाळ्याने स्वतः शोधलेले स्थान ६७ टक्के कॉलमध्ये १०० मीटरांच्या आत आणि ९५ टक्के कॉलमध्ये ३०० मीटरांच्या आत असावे. फोनच्या मदतीने शोधलेले असल्यास हेच आकडे ५० आणि १५० मीटरांवर यावेत. अंतर आणि टक्केवारी अशी जोडीने दिली, तरच दाव्याला अर्थ राहतो. आमच्या करारपत्रात दोन्हींपैकी काहीही नाही.

जाळ्याला याहून अचूक शोध घेता येतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. फोनने तीन किंवा अधिक टॉवरचे संकेत ऐकून ते आपल्यापर्यंत येण्यातील वेळेचा फरक मोजायचा, आणि त्या फरकांवरून जागा काढायची, ही पद्धत एलटीईच्या प्रमाणकांत २००९ च्या सुमारासच आली. तिची अट कडक आहे. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. त्यामुळे टॉवरची घड्याळे एकमेकांशी त्याहून कितीतरी बारीक जुळलेली असावी लागतात. शिवाय टॉवर फोनच्या चहूबाजूंना हवेत. महामार्गालगत एका ओळीत उभ्या असलेल्या टॉवरांवरून गाडी पुढे किती गेली हे चांगले कळेल, पण ती रस्त्यावर आहे की आतल्या गावात, हे नीट कळणार नाही. ५जीच्या २०२० साली पूर्ण झालेल्या प्रमाणकांनी तर व्यावसायिक उपयोगासाठी ८० टक्के वेळा बाहेरच्या जागेत १० मीटर आणि इमारतीच्या आत ३ मीटर असे उद्दिष्ट ठेवले आहे. ड्रायव्हरच्या चार वर्षांच्या जुन्या फोनवर आणि एका फेरीच्या नाममात्र शुल्कात हे सारे मिळावे, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. पण जे मिळते त्याला ते आहे तसे नाव द्यावे, ही अपेक्षा नक्कीच आहे.

या सेवेची सर्वांत कठीण परीक्षा मुंबईच्या रस्त्यावर होत नाही. ती कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. पाटणपर्यंत सर्व ठीक चालते. कोयनानगरच्या पुढे डोंगर, जंगल आणि विरळ वस्ती यांमुळे टॉवर कमी होतात, सेल मोठे होतात आणि घाटाच्या वळणांत रेंजच जाते. फोन रेंजबाहेर गेला, की जाळ्याला शेवटचा सेल तेवढा माहीत असतो. अशा वेळी काही सेवा 'संपर्क नाही' असे सांगतात. आमची सेवा जुनाच ठिपका पुन्हापुन्हा उमटवत राहते आणि त्यामुळे गाडी घाटमाथ्यावर थांबून राहिल्याचा भास होतो. पावसाळ्यात, दरड कोसळल्याच्या बातम्या येत असताना, हा भास चांगलाच महागात पडतो, कारण मग चिपळूणच्या व्यापाऱ्यापासून ड्रायव्हरच्या घरच्यांपर्यंत सर्वांचे फोन सुरू होतात. कोकणाकडच्या फेऱ्यांसाठी म्हणून आम्ही ही सेवा वापरणे सोडले आहे.

गाडीला बसवलेल्या जीपीएस यंत्राशी तुलना करताना एक गोष्ट स्पष्ट ठेवली पाहिजे. त्या यंत्रातही सिम असते, पण त्याचे काम फक्त निरोप पोहोचवण्याचे. जागा उपग्रहांवरून काढली जाते. म्हणून उघड्या आकाशाखाली ते यंत्र काही मीटरांत जागा सांगते, आणि रेंज नसली तर चांगले यंत्र नोंदी साठवून ठेवते व रेंज आल्यावर एकदम पाठवते. कुंभार्लीसारख्या घाटात हा फरक निर्णायक ठरतो. उलट खंबाटकीच्या बोगद्यात, पुण्याकडे जाताना, उपग्रह दिसत नाहीत आणि तेवढ्यापुरते तेही आंधळे होते. मात्र बोगदा संपताच सावरते. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी २०१९ पासून जी एआयएस-१४० या प्रमाणकाची यंत्रे सक्तीची झाली, त्यांत भारताच्या 'नाविक' (NavIC) या दिशादर्शक उपग्रहांचे संकेत घेण्याची सोय आणि मूळ विद्युतपुरवठा तोडला तरी काही काळ चालणारी बॅटरी अपेक्षित आहे. मालाची चोरी, विम्याचा दावा, किंवा द्राक्षाच्या शीतवाहनाचे दार वाटेत कोठे उघडले गेले, असे प्रश्न असतील तर अशाच यंत्राकडे वळावे. सिमवरचा ठिपका पुरावा म्हणून कोणापुढे ठेवण्याच्या योग्यतेचा नाही. स्वतःच्या मालकीची गाडी असणाऱ्याने तर या सेवेचा विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेवेत अलीकडे जोडलेली फास्टॅगची नोंद मात्र खरोखर कामाची आहे. टोलनाक्यावर टॅग वाचला गेल्याची वेळ आणि जागा नक्की असते. तेथे सेलसारखी अंदाजाची बाब नसते. २०२१ च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग अनिवार्य झाल्यामुळे आमच्या मार्गावर तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे तीन ठोस टप्पे आपोआप हाती येतात. अशा दोन टोलनोंदींच्या मध्ये सिमचे ठिपके घातले, म्हणजे गाडीच्या प्रगतीचे चित्र पुरेसे विश्वासार्ह होते. टोलच्या नोंदी आणि सिमचे ठिपके एकाच नकाशावर, वेगवेगळ्या रंगांत दाखवण्याची कल्पना ज्याची असेल त्याचे कौतुक केले पाहिजे. पेठ नाक्याच्या अलीकडे, म्हणजे सांगली, आष्टा आणि इस्लामपूरच्या पट्ट्यात, याचा काही उपयोग होत नाही. पण तेथे गाडी चहाला थांबली तरी कोणाचे बिघडत नाही.

संमतीच्या व्यवस्थेबद्दल मला अधिक कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. संमतीचा संदेश इंग्रजीत येतो. "मालक, बँकेचा फसवणुकीचा मेसेज असंल म्हणून पुसून टाकला," असे एका ड्रायव्हरने सांगितले, आणि त्याला दोष देता येत नाही. अनोळखी संदेशाला उत्तर देऊ नये, हेच आपण सर्वांना शिकवत असतो. मराठी, हिंदी आणि कन्नड या तीन भाषांत संदेश पाठवणे अशक्य नाही. मिरजेच्या पलीकडे थोड्याच अंतरावर कर्नाटक सुरू होते आणि आमच्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरांत कन्नड बोलणारे कमी नाहीत. दुसरे असे की, माल उतरल्यानंतर शोध आपोआप थांबायला हवा. या सेवेत तो कार्यालयातून कोणीतरी 'फेरी पूर्ण' असे बटन दाबेपर्यंत चालू राहतो. विसरले तर गाडी रिकामी करून घरी गेलेल्या माणसाचा पत्ता आमच्या पडद्यावर दिसत राहतो. ज्या माणसाने एका फेरीपुरती संमती दिली, त्याच्यावर रात्री त्याच्या गावात नजर ठेवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली मंजूर झाला आणि माहिती ज्या कामासाठी घेतली त्या कामापुरतीच वापरावी, हे त्याचे मूळ सूत्र आहे. कायद्याच्या धाकाची वाट न पाहता, आमच्या कार्यालयात आता बिल्टीची पोहोच आली की फेरी बंद करण्याचे काम एका माणसाकडे सोपवले आहे, आणि गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला हा संदेश कशाचा असेल व शोध कधी थांबेल हे तोंडी सांगितले जाते. तसे सांगायला लागल्यापासून नकार कमी झाले.

किरकोळ अडचणी बऱ्याच आहेत, पण त्यांचा दोष सेवेला देता येणार नाही. दोन सिमच्या फोनमध्ये ज्या सिमवर संमती घेतली तेच बंद करून ठेवलेले असते, क्लीनरचा क्रमांक दिलेला असतो, वाटेत ड्रायव्हर बदलतो. ठिपका हा शेवटी फोनचा असतो, गाडीचा नव्हे.

शुल्काची आकारणी दर विचारणेमागे होते आणि ती स्वस्त आहे. दर अर्ध्या तासाने विचारणा ठेवली तरी सांगली ते वाशी फेरीचा खर्च ड्रायव्हरच्या एका जेवणाहून अधिक होत नाही. तक्रार आहे ती अयशस्वी विचारणांची. फोन बंद असताना किंवा रेंज नसताना गेलेल्या विचारणेचेही पैसे लागतात, आणि बिलात यशस्वी व अयशस्वी असा तपशील दिला जात नाही. आम्ही तो लेखी मागितल्यावर दोन महिन्यांनी एक तक्ता मिळाला. त्यात पहाटेच्या विचारणांचे अपयश ठळकपणे अधिक होते, कारण त्या वेळी गाड्या ढाब्यावर उभ्या आणि फोन बंद असतात. आता रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत विचारणेचे अंतर दोन तासांचे करून घेतले आहे. ही सोय संकेतस्थळावर नाही. कंपनीला पत्र लिहून ती मागून घ्यावी लागते आणि प्रत्येक नव्या मार्गासाठी पुन्हा मागावी लागते.